करप्यावरचा अर्ज

“एवढ्या खात्रीने लिहू नकोस,” अर्जाची पानं चाळत विभागातला सहकारी दाउवे म्हणाला. “‘करपा पडणार नाही’ काय? ‘पडणार नाही अशी आशा आहे’ असं लिही. समितीला नम्र माणसं आवडतात.”

“नम्रच आहे मी,” हिस्के म्हणाली. “फक्त दमलेय.”

दमायला कारण होतं. अख्खा हिवाळा तिने हा अर्ज लिहिण्यात घालवला होता. गेल्या तीन वर्षांत तिच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता आणि विद्यापीठाने स्पष्टच सांगितलं होतं, या खेपेला अनुदान आलं तर नोकरी राहील. नाही आलं तर जूनअखेर टेबल रिकामं करायचं, काचघरातलं दालन सोडायचं आणि नियमाप्रमाणे सगळी रोपं भट्टीत.

तिला पानं काळी पाडणाऱ्या करपा रोगाला दाद न देणारा बटाटा हवा होता. जंगली बटाट्याशी संकर करून. तिच्या भावाच्या शेतात उन्हाळाभर दर आठवड्याला फवारणी व्हायची, तेव्हा पोरांना घरात कोंडून ठेवावं लागे. हिस्केला ते बघवत नसे.

“ओट्टोचं लक्षात आहे ना?” दाउवेने विचारलं.

ओट्टोला कोण विसरेल? त्या बापड्याने मधमाश्यांवरचं काम आधी हौसेने पुरं केलं, छापलं आणि मग ते पुढे न्यायला पैसे मागितले. समिती म्हणाली, काम तर झालंय, आता पैसे कशाला? सध्या ओट्टो शाळेत गणित शिकवतो.

“आहे लक्षात,” हिस्के म्हणाली.

मुलाखत हेगला होती. पावसात सायकल दामटून ती स्टेशनवर पोचली आणि ओल्या बुटांनीच समितीपुढे बसली. अध्यक्ष व्हर्मास बाईंनी आधी नियम ऐकवला. इथे सांगितलेलं काही खोटं निघालं, तर पुन्हा जन्मात अर्ज करता येणार नाही.

“हा संकर आजवर कोणाला साधलेला नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला साधेल कशावरून?”

“साधेल.”

“थोडंफार करून पाहिलंय का?”

हिस्केने पाण्याचा घोट घेतला. “अजून नाही.”

“तरी दुसऱ्या वर्षी बी धरेल, तेही फक्त थंड दालनात, असं लिहिलंय. इतकं नेमकं?”

“अंदाज आहे.”

“तुमचा अंदाज हवामान खात्याहून बरा दिसतो,” कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले आणि सगळे हसले. हिस्केही हसली.

निकाल मे महिन्यात आला. कल्पना सुरेख आहे, समितीने लिहिलं होतं, पण असं वाण अनुदानाच्या चार वर्षांत काय, चाळीस वर्षांतही तयार होणं अशक्य वाटतं. शिवाय अर्जदाराने अलीकडे काहीच छापलेलं नाही.

“गाढव आहेत लेकाचे!” दाउवे म्हणाला. अनुदान मिळालं की विभागाला केक आणायची रीत होती. त्या दिवशी शेजारच्या खोलीतला एक जण केक घेऊन आला. हिस्केने एक तुकडा घेतला, छान आहे म्हणाली आणि तो तसाच टेबलावर ठेवून दिला. आता कशालाच काही अर्थ उरला नव्हता.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ती भट्टीच्या पिवळ्या पिशव्या घेऊन काचघरात गेली. दाउवे मदतीला आला होता, पण दारातच थबकला.

“माझ्याच्याने नाही व्हायचं गं,” तो म्हणाला.

“राहू दे. मी करते.”

इतरांच्या दालनांतली बटाट्याची पानं करप्याने काळी पडून लोंबत होती. हिस्केने आपल्या दालनाचं दार सरकवलं, सलग तिसऱ्या उन्हाळ्यात मुद्दाम करपा सोडूनही ज्यांच्या पानांवर एक डाग उमटला नव्हता त्या संकराच्या फुललेल्या रोपांपुढे ती गुडघे टेकून बसली आणि पहिलं रोप मुळासकट उपटून तिने पिशवीत टाकलं.