गावाचा गडी

१९५३ साली चौलच्या हुतुतू संघातला नामा म्हणजे गावाचा जीव की प्राण. त्याची भातलावणी गाव करी, घरात मासळी गाव पोचवी, म्हणून मुंबईला जातो म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. पूर्वी चौलकडूनच खेळलेला थोरला भाऊ बाळाजी मुंबईच्या गोदीत होता; तो त्याच्यासाठी तिथेच नोकरी बघून त्याला न्यायला आला होता. शेवटी नामाने ठरवलं, श्रीवर्धनशी होणारा सामना मुद्दाम हरायचा. मग गावच आपल्याला सोडून देईल.

शेवटच्या चढाईत मधली रेघ हातभर अंतरावर असताना त्याने दम सोडला. चौल हरलं. संध्याकाळी तो गाठोडं बांधत होता, तोच अंगणात अख्खं गाव जमलं. शिव्या खायच्या तयारीनेच तो बाहेर आला.

संघाचे म्हातारे कारभारी अंबाजी पुढे झाले. त्यांनी नामाच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा दोष न्हाय, पोरा. एकट्यावर आम्ही किती भार टाकला."

सुटलो, असं वाटून नामाला रडू फुटलं.

 

मग अंबाजींनी बाळाजीच्या गळ्यात हार घातला. "म्हणून याला गळ घातली. गोदी सोडून हा बी आता तुझ्या जोडीला गावातच खेळणार हाय."