मुरवणीची खोली

सुदाम कातकाडे मुरवणीच्या खोलीतून बाहेर आले, तेव्हा डिस्टिलरीचे मॅनेजर बर्वे शाल-श्रीफळ घेऊन दारातच उभे होते.

या खोलीत माल्ट व्हिस्कीचं पिंप मिनिटाला एक वर्ष मुरायचं, आणि आत गेलेला माणूसही. गळणाऱ्या पिंपाला पाचर ठोकायला कातकाड्यांना सात मिनिटं लागली होती. आत जाताना ते एक्कावन्न वर्षांचे होते.

"अठ्ठावन्न पूर्ण झाली, कातकाडे. आजपासून तुम्ही रिटायर."

"मग साहेब, नोकरीतही सात वर्षं धरा."

"ती कशी धरणार? तुम्ही आत सातच मिनिटं होतात."

कातकाड्यांनी पांढरे झालेले केस मागे सारले. समोरच्या पट्ट्यावर, बारा मिनिटं मुरलेल्या व्हिस्कीच्या बाटल्यांना लेबलं लागत होती: वय वर्षे बारा.