दुसरा सेन्सर

नीलकंठरावांची म्हातारी गाडी चढ लागला की चहाच्या किटलीसारखी उकळायची, पण तापमानाचा काटा समाधी लावून बसलेला. फौजेचा ट्रक घेऊन लढाईवर गेलेला त्यांचा मुलगा शैलेंद्र तीन महिन्यांपासून बेपत्ता होता.

"काहून त्या गाडीमागे लागून राहिले?" त्यांच्या बायकोनं, हेमलताबाईंनी विचारलं.

"मग पोराला स्टेशनवरून टांग्यानं आणू काय?" म्हणत ते घमापुरच्या भंगारवाल्याकडे तापमानाचा सेन्सर शोधायला गेले.

"ये लीजिए बाबूजी, फौजी ट्रक का है. ट्रक पूरा जल गया, पर ये खरा है," भंगारवाल्याने एक सेन्सर त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी सवयीने अंगठ्याने काजळी पुसली. खाली पितळेवर खिळ्याने कोरलेलं 'श्री' हे अक्षर निघालं. फौजी ट्रकांच्या कारखान्यातल्या नोकरीत त्यांनी हजारभर ट्रक जोडले असतील, पण 'श्री' कोरलं होतं एकाच ट्रकच्या सेन्सरवर, शैलेंद्रला मिळालेल्या.



नीलकंठरावांनी तो हळूच ढिगात परत ठेवला आणि म्हणाले, "ये नहीं जमेगा भैया, दूसरा दिखाओ. लड़के को लेने स्टेशन जाना है."