दिवाळीचं ॲप, संक्रांतीचं ॲप

"दिवाळीच्या ॲपवर चित्र झक्कास येतंय, पण माणसं तोंडातल्या तोंडात बोलून राहिली," अप्पा फोनवर म्हणाले. "संक्रांतीच्या ॲपवर आवाज खणखणीत, तर अंधार आला की चित्राचे तुकडे पडतेत. ह्या दोन्हीत बरं कोणतं, ते सांग."

विरूपाक्षनं जेवणाचा डबा बाजूला सारला. या आठवड्यातली ही चौथी तक्रार होती.

"अप्पा, काल सांगितलेलं केलं का? सेटिंगमधी जाऊन आवाज बदलायचा होता."

"केलं की."

"मग?"

"मग काय, हाय तसंच हाय."

मुलगा परदेशात आहे म्हटल्यावर घरी काहीतरी झोकात पोचायला हवं, म्हणून विरूपाक्षनं ही भानगड ओढवून घेतली होती. दिवाळीला उदगीरच्या घरी एका ॲपचं वर्षाचं पॅकेज, संक्रांतीला दुसऱ्याचं आणि मार्चमध्ये अव्वाच्या, म्हणजे आईच्या, वाढदिवसाला तिसऱ्याचं. इंग्रजी नावं अप्पांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी सणावारांवरून तिघांचं बारसं उरकलं.

परदेशात म्हणजे मस्कतला. निदान उदगीरमध्ये सगळे तसंच धरून चालले होते. तो निघाला तेव्हा अप्पांनी धान्यबाजारात, मोंढ्यातल्या प्रत्येक अडत दुकानात पेढे वाटले होते. मुंबईच्या एजंटनं व्हिसाच्या नावाखाली टोपी घातली, तेव्हा गळ्यात हार घालून निघालेला हा पोरगा परत कोणत्या तोंडानं जाणार? येताना तो नांदेडलाच उतरला आणि टीव्हीच्या एका मोठ्या दुकानात सेल्समन म्हणून चिकटला. त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. कधीतरी हे उघडकीला येईल आणि मोंढ्यात अप्पांना मान वर करता येणार नाही, या एका भीतीनं त्याची झोप उडायची.

नशीब एवढंच, की अप्पांचा फोन नेमका दुकानाच्या दुपारच्या सुट्टीत यायचा. मागं गिऱ्हाइकांचा गलका नसायचा. व्हिडिओ कॉलचा हट्टही त्यांनी कधी धरला नाही.

पण ही चित्राची न् आवाजाची कटकट! मार्चपासून एक दिवस खाडा नाही. विरूपाक्षला आता त्या तिन्ही ॲपांचा वीट आला होता. दिवसभर गिऱ्हाइकांना हेच समजावायचं आणि जेवायला बसलं की बापाला.

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून त्यानं त्या दिवशी दुकानाच्या भिंतीवरचे तीन सारखे टीव्ही निवडले. घरी लावून दिलेल्या आपल्याच खात्यातून तिन्ही ॲपं उघडली आणि तिन्हींवर असलेला एकच मारधाडीचा सिनेमा एकदम सुरू केला.

"गिऱ्हाईक सोडून सिनेमा काय बघून राहिलास?" मालक भुजंगराव ओरडले.

"डेमो लावलाय, मालक."

तासाभरात निकाल लागला. दिवाळीच्या ॲपचा आवाज थिएटरच्या हिशेबानं बांधलेला, म्हणून टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरवर संगीतच बोलणं गिळून टाकत होतं. संक्रांतीचं ॲप चित्र फार दाबून पाठवायचं, त्यामुळं रात्रीच्या मारामारीत नुसते काळे चौकोन दिसत. वाढदिवसाच्या ॲपवर दोन्ही चांगलं. फक्त ओठ आधी हलायचे आणि शब्द किंचित मागून यायचे.

दुसऱ्या दिवशी फोन वाजताच त्यानं तोंडपाठ केलेलं सगळं धडाधडा सांगून टाकलं. "तर अप्पा, वाढदिवसाचंच लावा. आवाज मागं पडतो तेवढा जुळवता येतो. आता पुन्हा इचारू नका."



"ते तर लईच अडकतंय," अप्पा म्हणाले. "आन् म्हणं, कुठं कुठं चालू हाय ते बी त्याच्यात गावाच्या नावासकट दिसतंय. हाव का रे?"

काल दुकानात चालवलेली तिन्ही ॲपं विरूपाक्षनं बंद केली होती, पण खात्यातून बाहेर पडला होता का, ते काही केल्या आठवेना.

"ते उघडू नका!" तो जवळजवळ किंचाळला. "उघडलं की समदं बिघडतंय."

"बरं. न्हाई उघडत."

"तुमच्यानं व्हायचं न्हाई, अप्पा. एक बटण सांगितलं की तुम्ही दुसरंच दाबता. अव्वाकडं द्या फोन. ती चष्मा लावून वाचंल, मी एकेक सांगतो." आपण बापावर खेकसतोय हे त्याला कळत होतं, वाईटही वाटत होतं, पण जीभ आवरेना.

फोन अव्वाच्या, शरणम्माच्या हातात गेला.

"अव्वा, टीव्हीसमोर बस. पडद्यावर काय दिसतंय ते वाच."

"कोणत्या टीव्हीसमोर, बाळा?"

"आपल्या! दुसरा कोणता?"

"तो तर शिवरात्रीलाच जळाला. लाईट खालीवर झाली न् मागनं धूर निघाला. भंगारवाल्यानं नेऊन बी लई दिवस झाले."

विरूपाक्षला काही सुधरेना. शिवरात्र वाढदिवसाच्या आधी होती. म्हणजे ते तिसरं ॲप घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

"मग अप्पा रोज मला हे चित्र, आवाज..."

"मला काय ठावं? लागलाच फोन तर तुझ्यासंगं दुसरं काय बोलावं, ते ह्यांना सुचत न्हाई," शरणम्मा हळूच म्हणाली.

इतके दिवस आपण केलेली चिडचिड आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. आत्ताच सगळं सांगून टाकावं असं त्याच्या ओठावर आलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"अव्वा, मी नवा टीव्ही पाठवतो. इथं मस्कतला लई चांगले मिळतेत. पार्सल करतो."

पलीकडं फोन पुन्हा अप्पांच्या हातात गेला. त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

"पार्सल कशाला, विरू? पाच वाजता नांदेडहून उदगीर गाडी सुटती. मालकाला सांग न् निघ."