खिडकीजवळची खुर्ची

स्टोअरमधली विभादीदीची खुर्ची दिसली, की प्रणोतीच्या पोटात दुखायचं. रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आधी दोघीही क्रेन चालवायच्या. मग दीदीला डायबिटीस निघाला, इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी तिला क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. डोक्यावर पंखा, रात्रपाळी बंद, वर अकरा वाजता डबा उघडायची मुभा. क्रेनच्या तापलेल्या केबिनमध्ये घाम पुसत प्रणोती मनात म्हणायची, 'एक सुई काय टोचली, बाई राणी होऊन बसली.'

दोन वर्षांनी प्रणोतीलाही तीच सुई लागली. स्टोअरमध्ये दुसरी खुर्ची आली. पहिल्या दिवशी ती ऐटीत पंख्याखाली बसली. अकरा वाजून गेले, तरी दीदीचा डबा तसाच बंद होता. ती खिडकीतून वर पाहत होती.

"काय पाहून राहिली, दीदी?"

"तुझ्या क्रेनवर नवी पोरगी चढली. हात साफ आहे तिचा." दीदीनं नजर हटवली नाही. "दोन वर्षं तुझ्यावर जळून राहिली होती मी. चल, खुर्ची जरा इकडे घे. इथून केबिन पूर्ण दिसते."