सकाळी सातचा सामना

"निकाल ठाऊक हाय का?" नरसिंगनं दारातच विचारलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत होता.

"मला म्हातारीला काय कळतं रे त्यातलं," जनकाबाई म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

नरसिंग बघतच राहिला. आपल्या सख्ख्या चुलतीला या बैठकीत आलेलं त्यानं कळत्या वयात कधी पाहिलं नव्हतं.

हट्टा गावात, त्या गल्लीत, फुटबॉल विश्वचषकाचा रात्रीचा सामना सकाळी सातला होई. जनकाबाईचे दीर अमृतराव यांना काळजाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी जागरण बंद केलं, तेव्हापासून त्यांचा मुलगा नरसिंग सामना डिशच्या डब्यात भरून ठेवी आणि सकाळी सारी गल्ली त्यांच्याकडे जमे. तोवर सगळ्यांचे मोबाइल ज्वारीच्या कोठीत आणि पेपर गादीखाली. निकाल फोडील त्याला चहा नाही, असा अमृतरावांचा कायदा. नासेर टेलर तर कानांत कापसाचे बोळे घालून आला होता.

गल्ली सारी पिवळ्या जर्सीवाल्यांच्या बाजूची. हळदीवर जगणाऱ्या माणसांनी दुसऱ्या कुठल्या रंगासाठी टाळ्या वाजवायच्या?

जनकाबाईलाही एके काळी पिवळेच आवडत. इटलीतल्या विश्वचषकाच्या साली गल्लीत एकच टीव्ही होता, अमृतरावांचा. नवरा जाऊन चार महिने झाले होते. दिवसभर हळद शिजवून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे व्हायचे, फक्त कपाळाला ती लावायची नाही. त्या संध्याकाळी ती चौकटीला टेकून बसली, आणि पिवळे हरले. अमृतराव भर बैठकीत म्हणाले, "पांढऱ्या पायाची दारात बसल्यावर दुसरं काय व्हईल? उठा वहिनी."

ती उठली. तीस-चाळीस माणसं होती. एकानंही 'बसू द्या' म्हटलं नाही. एकदा याच बैठकीत, याच माणसांसमोर, अमृतरावांनी आपले पाय धरावेत, एवढंच तिनं त्या दिवसापासून मागितलं होतं.

"वहिनी? तुमी?" अमृतराव आरामखुर्चीतून म्हणाले. "या. मागं बसा."

ती बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. पिवळ्यांवर लालवाल्यांचा एक गोल चढला होता. बैठकीत सुतक पडलं होतं.

"सामना मधी चालू हाय वहिनी, तुमी टीव्हीच्या कोपऱ्यात काय पाहून राहिल्या?"

"चश्मा नवा हाय, भाऊजी. नजर बसायचीय."

थोड्या वेळानं ती पुढं आली आणि रिकाम्या खुर्चीत टेकली. बूड टेकतं न टेकतं तोच पिवळ्यांनी गोल मारला. छप्पर उडेल असा गलका झाला.

"खाला, तुमारे कदम तो मुबारक है!" नासेर ओरडला. सगळे हसले.

उत्तरार्धात ती पाणी प्यायला उठली. तांब्या तोंडाला लावते तोच लालवाल्यांनी गोल केला. आता कोणी हसलं नाही.

"काकू काहून उठली?" नरसिंग कुजबुजला.

"तहान लागली म्हणून." ती ओसरीवर जाऊन बसली आणि चांगली पंधरा-वीस मिनिटं पदरानं वारा घेत राहिली. आतून एकामागून एक बोलावणी आली. शेवटी ती येऊन खुर्चीत बसली, आणि बरोबरीचा गोल झाला.

मग काय विचारता! अमृतरावांनी स्वतः उठून तिला आपली आरामखुर्ची दिली. सुनेनं चहा हातात आणून दिला. "हलू नका बरं, खाला. मच्छर चावला तरी हलू नका," नासेर हात जोडून म्हणाला.

जादा वेळ तसाच सरला. पेनल्ट्या सुरू झाल्या. दोन्हीकडच्या चार-चार आत गेल्या. लालवाल्यांची पाचवीही आत गेली. पिवळ्यांची पाचवी चुकली तर खेळ खलास.

जनकाबाई उठली. "निघते. दूध उतू जाईल."

"काकू!" नरसिंगनं घाईघाईनं रिमोट दाबला. पडद्यावरचा खेळाडू एक पाय उचलून तसाच थांबला.

अमृतराव गुडघ्यांवर आले. सत्तरीचा माणूस. सगळ्यांच्या देखत त्यांनी तिचे दोन्ही पाय धरले. "वहिनी, पाया पडतो. एवढी एक होऊ द्या."

"कोणाचे पाय धरून राहिले, भाऊजी? पांढऱ्या पायाचीचे?"

जुन्या माणसांनी माना खाली घातल्या.

"चुकलं माझं."

"तेव्हा मोठ्यानं बोलला होता."

"चुकलं माझं, वहिनी!" ते ओरडले. आवाज अंगणापर्यंत गेला.

जनकाबाईनं एक पाय सोडवला, मग दुसरा. पदर नीट केला आणि ती सरळ चालत बाहेर पडली. ती फाटकापाशी पोचली तेव्हा मागून हंबरडा उठला. नरसिंगनं सामना पुढं सोडला होता.

घरी नात आकांक्षा अजून झोपलेली होती. मोबाइल तिच्या छातीवरच पडला होता. जनकाबाईनं तिच्या अंगावर चादर ओढली, कमरेला खोचलेली चिठ्ठी काढली आणि चुलीत टाकण्याआधी रात्री दोनला नातीनं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेल्या ओळी एकदा शेवटच्या वाचल्या: "अडतीस मिनिटांना बस. सहासष्टला पाण्याला ऊठ. पंच्याऐंशीला परत बस. पाचव्या पेनल्टीच्या आधी घरी ये."