कापलेले श्वास

पहिल्या पाठाच्या रेकॉर्डिंगमध्ये वडिलांचा श्वास चार दशांश सेकंदाचा होता. अकराव्या पाठात तो सव्वा सेकंदाचा झाला होता आणि त्याच्या शेवटाला एक बारीक शिटी लागली होती. पडद्यावरच्या आलेखात ती केसाएवढी दिसत होती. तिने तो श्वास दोन्ही बाजूंनी निवडला, कापला आणि नेहमीसारखा वेगळ्या फाइलीत टाकला. कापलेलं काहीही फेकायचं नाही, ही तिची सवय. फाइलीचं नाव 'कचरा'.

कारखान्याने नव्या कामगारांसाठी ऑनलाइन कोर्स काढला होता. यंत्राचा बिघाड कानाने कसा ओळखावा, हे शिकवणारा. सांगायला तिच्या वडिलांइतका जाणता माणूस नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बिघाड सांगितले होते. कारखान्याची अट एकच होती. आवाज स्वच्छ हवा. म्हणून तिने खोलीच्या दारावर रजई टांगली, पंखा बंद ठेवला आणि वाक्यांमधले श्वास कापत गेली. "सर तर तिशीतले वाटतात," असं कारखान्याने कळवलं. ते ऐकून आईने सुटकेचा निःश्वास टाकला. साफ केलेला आवाज ऐकला की घरात सगळ्यांनाच बरं वाटायचं. तिलाही. असे तीन आठवडे गेले.

मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या, अशी डॉक्टरांची चिठ्ठी तेवढेच दिवस टेबलाच्या काचेखाली पडून होती. "कोर्स हातावेगळा होऊ दे," वडील म्हणायचे. परवा ते जिन्यात दम लागून मध्येच थांबले आणि खिशात किल्ली चाचपू लागले. किल्ली हातातच होती.

आज शेवटचा पाठ. ते खुर्चीत टेकले, पाण्याचा घोट घेतला. तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही. 'कचरा' उघडला आणि स्पीकर चालू केला.

अकरा पाठांतले श्वास एकामागोमाग एक वाजू लागले. मध्ये एकही शब्द नाही.

वडिलांनी डोळे मिटले. मान तिरकी झाली. हात आपसूक स्पीकरवर गेला.

"कॉम्प्रेसर आहे," ते म्हणाले. "कुठला?"

"जुना आहे, बाबा."

"सुरुवातीला बरा चाललाय. हं, इथून ऐक. इथून व्हॉल्व्ह गळायला लागला. आता तर ओढूनताणून हवा घेतोय. हा अजून चालवतात?"

"चालवणारा म्हणतो, हातातलं काम संपू दे."

"गाढव आहे." ते हसले आणि हसता हसता खोकले. "सरळ बंद कर म्हणावं. कुणाला विचारत बसू नकोस. हा कधीही बसेल."

त्यांच्या पंजाखाली स्पीकर थरथरत राहिला. शेवटचा श्वास वाजला, शिटी विरली, फाइल संपली.

खोलीतला आवाज मात्र थांबला नाही.

वडिलांनी डोळे उघडले. स्पीकरकडे पाहिलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली होती. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर खाली होती. स्पीकरवरचा हात त्यांनी उचलला आणि सावकाश स्वतःच्या छातीवर ठेवला. तसेच, मान तिरकी करून, ते बराच वेळ ऐकत बसले.

"पाठ राहू दे," ते म्हणाले. "काचेखालची चिठ्ठी काढ. आत्ताच निघू."